मऊ पडलेली पानं

शेंगदाणे अजून गरम होते आणि पुडीचा कागद मऊ होता. झालं ते एवढंच. किझ्झाने रोजच्यासारखी टेकडीखालच्या थांब्यावरच्या बाईकडून पुडी घेतली, रोजच्यासारखे पहिले दोन दाणे फुंकर मारून तोंडात टाकले, आणि कागदावरून सहज फिरणारा तिचा अंगठा एकदम थांबला. पुडीचा कागद कसा असतो? वर्तमानपत्राचा असला तर खरखरीत, वहीचा असला तर कडक, जाहिरातीचा असला तर बुळबुळीत. हा यातला कुठलाच नव्हता. हा कापडासारखा होता, खूप धुतलेल्या, खूप वाळवलेल्या, अंगाची सवय झालेल्या कापडासारखा. समोर टॅक्सीवाले मासाका, मासाका असं गावाचं नाव घेऊन घसा फाडत होते, बोडावाले आपापल्या मोटरसायकलींवर आडवे पसरले होते, कचऱ्याच्या ढिगामागच्या झाडावर कालोली पक्षी, ते टकले, बोजड, खटला हरलेल्या म्हाताऱ्या वकिलांसारखे खांदे पाडून उभे होते. आणि या सगळ्या गोंगाटातून किझ्झाचा अंगठा मात्र एकटाच उठून कुठल्यातरी गार, शांत खोलीत जाऊन बसला होता. तिने सगळे दाणे सरळ पर्समध्ये ओतले, चाव्या, रुमाल, फोन, सगळ्यांवर, आणि पुडी उलगडली.

“न्याबो, बाईसाहेब, दाणे खायचे असतात,” शेंगदाणेवाली म्हणाली. “कागद खायला माझ्याकडं बकऱ्या येतात.”

कागदावर तेलाचे डाग होते आणि डागांमधून पलीकडची अक्षरं दिसत होती. मधोमध एक चित्र होतं, साध्या रेघांचं. एक पोट, पोटात उताणं, आडवंतिडवं बसलेलं बाळ, आणि पोटावर दोन हात. एक हात बाळाच्या डोक्यापाशी, दुसरा ढुंगणापाशी, आणि दोघांच्या मधून गोल फिरणारे बाण. बाळाला बाहेरूनच, हलक्या हाताने, कसं वळवायचं ते. कोपऱ्यात जांभळा शिक्का. अर्धाच उरला होता, अर्धा ढोल, पण तो ढोल किझ्झाने झोपेतही ओळखला असता. तो तिच्याच टेबलावरच्या शिक्क्याचा ढोल होता. हे पान तिच्याच लायब्ररीतलं होतं. टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून मागच्या आठवड्यात जी पोती रद्दीत गेली, त्यातलं, आणि त्या पोत्यांवर सही किझ्झाची होती.

असे अजून आहेत का, असं तिने विचारलं, तेव्हा बाई म्हणाली की संपले, हा शेवटचा, काटवे वस्तीतला एक माणूस किलोवर देतो, डॉक्टर लोकांचा कागद, दाण्याची उष्णता चांगली धरतो. आणि काळजी करू नकोस, शुक्रवारी नवा माल येणार आहे. शुक्रवारी काय येणार होतं ते किझ्झाला त्या बाईपेक्षा चांगलं माहीत होतं. शुक्रवारी तिसरी ओळ येणार होती. सुईणींच्या विद्येची, बाळंतपणाची, नवजात पोरांची, ती अख्खी ओळ, जिच्यातली एक-दोन पुस्तकं आधीच्या पोत्यांत गेली होती आणि बाकीच्यांना बांधायला सुतळी आणूनसुद्धा ठेवली होती.

टॅक्सीत ती खिडकीशी बसली. कागद तिने मांडीवर धरला होता आणि अंगठा त्यावरून पुढेमागे जात होता, पुढेमागे. न उघडलेलं पुस्तक कसं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्याची पानं एकमेकांना चिकटून रुसलेली असतात, उघडली की कुरकुरतात, नव्या नवरीच्या साडीसारखी ताठ राहतात. हे पान तसं नव्हतं. याला माणसांनी हाताळलं होतं. एकाने नव्हे, पुष्कळांनी, वर्षानुवर्षं, घामेजल्या बोटांनी, घाईघाईने. आणि तिच्या हिशेबात तर हे पुस्तक मेलेलं होतं. हिशेब तिचाच होता, तीच तर गंमत. ती नैरोबीला जाऊन शिकून आली होती, लायब्ररी जोखायची कशी, आणि येताना इतकी हवेत होती की बसमधल्या शेजारणीलासुद्धा तिने ते समजावून सांगितलं होतं. मेडिकलची पुस्तकं म्हणजे दूध, ठेवलं की नासतं. जुन्या पुस्तकातला औषधाचा जुना डोस उद्या कुणाचा तरी जीव घेईल, तेव्हा हात आखडायचा नाही. दहा वर्षांहून जुनं ते संशयित. संशयितांपैकी जे कुणी घरी नेत नाही आणि जे संध्याकाळी टेबलांवर पडलेलं सापडत नाही, ते कुणाला नको आहे. टेबलांवर पडलेली पुस्तकं म्हणजे त्या दिवशी वाचली गेलेली पुस्तकं. म्हणून तिने भिंतींवर पाट्या लावल्या होत्या, ‘वाचून झालेलं पुस्तक कृपया टेबलावरच ठेवा’, आणि वर्षभर रोज संध्याकाळी टेबलांवरची पुस्तकं मोजली होती. तिसऱ्या ओळीतलं एकही कधी सापडलं नव्हतं. एकही. डॉ. वालुगेम्बे, उपप्राचार्य, तिचा अहवाल वाचून खूश झाले होते. कौन्सिलचे लोक कॉलेज तपासायला यायचे होते, देणगीतले कॉम्प्युटर खोक्यांत बंद पडून होते, आणि त्यांना जागा हवी होती.

बरं, याच नियमाने काय काय बचावलं होतं ते आठवून टॅक्सीतसुद्धा तिला हसू फुटलं. परदेशातून कुणीतरी भल्या मनाने पेटाराभर पुस्तकं पाठवली होती, त्यांत हिमदंशावरचं एक जाडजूड पुस्तक होतं, बर्फात बोटं कशी काळी पडतात त्याचं, रंगीत, गुळगुळीत. सहा प्रती. विषुववृत्त इथून टॅक्सीने तासा-दोन तासांवर. पण पुस्तक होतं नवं, म्हणून ते संशयितांत आलंच नाही. नियमाने हिमदंश राहिला आणि बाळ वळवायची विद्या पुडीत गेली. हसता हसता ती एकदम थांबली आणि तिने पर्समध्ये हात घालून, चाव्यांमधून एक दाणा शोधून काढला.

घरी गेल्यावर तिने कागद उशीखाली वगैरे ठेवला नाही. तो तिने टेबलावर ठेवला, वर कप ठेवला, चहा प्यायली, आणि तरी तो कागद खोलीभर होताच. कशासारखा मऊ, कशासारखा मऊ, असं ती स्वतःला विचारत होती, उत्तर माहीत असताना. आईच्या गोमेसीसारखा. आईची ती पायघोळ सणाची गोमेसी, खांद्यावर टोकदार उभी राहणारी, कमरेला रुंद पट्टा, जी धुऊन धुऊन इतकी मऊ झाली होती की लहानपणी किझ्झा आणि तिच्या जुळ्या बहिणी तिच्यात एकदम तिघी शिरायच्या. आईला सगळा गाव नालोंगो म्हणायचा, जुळ्यांची आई. मोठी जुळी ती बाबिऱ्ये, धाकटी नकातो, आणि जुळ्यांच्या पाठचं जे होईल त्याचं नाव किझ्झा, ते काही कुणाला विचारून ठरत नाही. किझ्झाला शाळेत याचा भारी राग यायचा, आपलं नाव म्हणजे नाव नाहीच, रांगेतला नंबर आहे. बाबिऱ्ये म्हणायची, अगं वेडे, आमच्यानंतरही आईला धीर झाला याची ती पावती आहे. बाबिऱ्ये या टेकडीवरच्या कॉलेजात सुईणीचं शिकायला आली आणि शनिवारी धाकट्या किझ्झाला बरोबर लायब्ररीत घेऊन जायची. तेव्हा किझ्झा कपाटांच्या दोन ओळींच्या मधे जमिनीवर बसून राहायची आणि तिला बाबिऱ्येचे फक्त पाय दिसायचे. बाबिऱ्ये सँडल काढून उभी राहायची, सिमेंट गार लागतं म्हणून, आणि एका पायाच्या तळव्याने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत वाचायची, उभ्यानेच. वॉर्डातून पळत आलेली, वॉर्डात पळत जाणारी, बसायला वेळ कुणाला होता. पानं उलटल्याचा आवाज वरून यायचा, पानगळीसारखा. सुट्टीत घरी आली की ती किझ्झाला चटईवर पाडायची, झग्यात उशी कोंबायची, उशीत केळीच्या सालपटांची बाहुली, आणि दोन हात ठेवून म्हणायची, ओरडू नकोस, तुझं बाळ उलटं बसलंय, मी वळवते. एक हात डोक्यापाशी, एक ढुंगणापाशी. गुदगुल्या व्हायच्या. हसून हसून किझ्झाचं बाळ झग्यातून बाहेर पडायचं आणि नकातो ओरडायची, झालं, झालं, मुलगी झाली.

मग मासाक्याच्या रस्त्यावर एक टॅक्सी उलटली. आई म्हणाली, बाबिऱ्ये उडाली. जुळं कधी मरत नाही, उडतं, असंच म्हणायचं असतं, आणि सगळ्यांनी तसंच म्हटलं, शेजाऱ्यांनी, चर्चमधल्या बायकांनी, नकातोने. किझ्झा तेव्हा शाळेत होती आणि तिने बरेच दिवस खरंच वर बघितलं. आजही कालोली पक्षी त्या जड पंखांनी छपरावरून उठला की तिची मान आपोआप वर होते. पुढे ती लायब्रेरियन झाली, त्याच लायब्ररीत, आणि पुस्तकं काढून टाकताना अहवालात काय लिहायचं असतं ते शिकली. कॉलेजच्या भाषेत शब्द होता ‘रद्द’. पण मनातल्या मनात ती दर वेळी म्हणायची, उडालं. औषधांची जुनी पुस्तकं उडाली तेव्हा तिला काडीचंही दुःख झालं नव्हतं, ती उडायलाच हवी होती, त्यांतल्या डोसांनी बैल आडवा झाला असता. पण हात कसे ठेवायचे ते कधी जुनं होतं का? बाळाने पोटात बसायची पद्धत गेल्या दहा वर्षांत बदलली होती का? नवी पुस्तकं म्हणत होती, मशीनवर बघा. मशीन कॉलेजच्या हॉस्पिटलात एकच होतं, आणि इथून शिकून मुली जिथे नोकरीला जायच्या तिथे दिवा लागला तरी लोक टाळ्या वाजवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लायब्ररीत गेली आणि तिसऱ्या ओळीत शिरून, डोळे मिटून, पुस्तकांवरून हात फिरवू लागली. एक काढलं, उघडलं, ते स्वतःच एका जागी उघडलं, जसं घरचं कुत्रं ओळखीच्या दारापाशी थांबतं. तिथली पानं मऊ. दुसरं काढलं. बाळाला श्वास द्यायचं पान, मऊ. रक्त थांबेना तर मूठ कुठे दाबायची, ते पान तर इतकं मऊ की ते अंगठ्याला कळलंच नाही. मऊ, मऊ, मऊ. अख्खी ओळ आतून झिजलेली आणि तिच्या हिशेबात कोरी. तिला वाटलं, आपण एका घरात वर्षभर राहिलो आणि त्या घरात दुसरं एक कुटुंब राहत होतं, रोज जेवत होतं, भांडत होतं, आणि आपल्याला चमच्याचासुद्धा आवाज आला नाही. ती मागे सरकून खिडकीच्या पडद्यापाशी उभी राहिली. असं चोरासारखं आपल्याच लायब्ररीत उभं राहायचं म्हणजे लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर मजाही येते. थोड्या वेळाने गुलाबी गणवेशातली एक मुलगी पळत आली. नाबुक्केरा, सुईणीच्या शेवटच्या वर्षाची, जिचं हसू आधी येतं आणि ती मागून. तिने न बघता हात वर केला, न बघता पुस्तक काढलं, उभ्या उभ्याच उघडलं, ओठ हलवत काहीतरी वाचलं, उघडं पुस्तक कप्प्यावर टेकवून हवेत दोन हात धरून पाहिले, एक इथे, एक तिथे. मग पुस्तक मिटलं, होतं तिथे बरोबर सारलं, कडा शेजारच्यांच्या रांगेत आणली आणि पळाली. जाताना तिच्यामागच्या टेबलावर दुसरं कुणीतरी ठेवलेलं पुस्तकसुद्धा तिने उचलून जागेवर लावलं. पाटीच्या बरोब्बर खाली.

किझ्झाने तिला व्हरांड्यात गाठलं. पाटी वाचता येते ना, पुस्तक टेबलावर ठेवायचं म्हणून लिहिलंय ना, मग वर्षभर हे काय चाललंय, असं ती जरा चिडूनच म्हणाली. नाबुक्केरा गुडघ्यांत थोडी वाकली, मोठ्यांशी बोलताना वाकतात तशी, आणि तिच्या तोंडावर असं आश्चर्य पसरलं की जणू किझ्झाने तिला वडिलांच्या ताटात जेवायला सांगितलं.

“सेंगा, आम्ही पसारा करायचा आणि तो तुम्ही उचलायचा?” सेंगा म्हणजे आत्या, मुली तिला लाडाने तसंच म्हणायच्या. “आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही.”

मग पाटी कशाला आहे, किझ्झाने विचारलं. नाबुक्केरा म्हणाली की पाटी तुमच्या भलेपणाची आहे, पाहुण्याला घरचे राहू द्या, राहू द्या म्हणतातच की, म्हणून कुणी ताट तसंच टाकून उठतं का? आणि मग हळूच, हसू दाबून, तिने सांगितलं की मुलींमधे तर पैज असते, जी सेंगाला काम ठेवेल तिने सगळ्यांना रोलेक्स, चपातीत गुंडाळलेलं आम्लेट, खिलवायचा. अजून कुणाला खिलवावा लागलेला नाही.

किझ्झा तिथल्या बाकावर बसली. म्हणजे असं होतं तर. नैरोबीच्या त्या वर्गात, पंख्याखाली, कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या डोक्यात तरी कुठे आलं होतं, तीही अशाच घरात वाढली होती ना, चहा प्यायलेला कप जागेवर राहिला तर आई काही न बोलता त्या कपाकडे फक्त बघायची. तिने वर्षभर टेबलं मोजली होती, आणि पोरींनी वर्षभर तिचा मान राखला होता, इतक्या मनापासून की पुस्तकांच्या अंगावर जगल्याची खूणच ठेवली नव्हती. मानानेच मारलं होतं त्या पुस्तकांना.

ती तशीच डॉ. वालुगेम्बेंकडे गेली. ते वाईट माणूस मुळीच नव्हते. बायकांच्या वॉर्डात आयुष्य काढलेले, उंच, बारीक, बूट आरशासारखे चमकवणारे, आणि कौन्सिलच्या धसक्याने झोप उडालेले. तिने तो शेंगदाण्याचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोन बोटांनी उचलला, वास घेतला, तेलाचा डाग खिडकीकडे धरून पाहिला. मऊ आहे, ते म्हणाले, मान्य.

“पण मिस किझ्झा, कौन्सिलला मी काय दाखवू? मऊपणाचा आकडा किती लिहू?”

तिने कागद परत आपल्याकडे ओढला. ते पुढे म्हणाले, अगदी मायेने म्हणाले आणि म्हणूनच ते लागलं, की अहवाल तुमचाच आहे, तोच सांगतो की ही ओळ कुणी वाचत नाही. मुली वाचतात म्हणता, तर दिसू द्या. शुक्रवारी दुपारी पोती जातील. त्याआधी मला डोळ्यांना दिसेल असं काही दाखवा, मी स्वतः येऊन बघेन, नाही तर मला भलतीकडे ओढू नका.

तिने मुलींना विनवलं, पुस्तकं टेबलावर राहू द्या, माझ्यासाठी. हो सेंगा, सगळ्या म्हणाल्या. संध्याकाळी टेबलं अशी चकचकीत होती की त्यांत पंखे दिसत होते. एकीने तर पुसूनसुद्धा ठेवली होती. किझ्झा त्या रिकाम्या टेबलांमधून चालत राहिली आणि उन्हाची लांब पट्टी तिच्याबरोबर एकेका टेबलावरून उतरत गेली. तिला वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी चाललोय आणि वर, खूप वर, पुस्तकं पोहतायत. शुक्रवार संपल्यावर इथे खोके उघडतील, पडदे उजळतील, वीज गेली की काळे पडतील, आणि नाबुक्केरा पळत येईल, न बघता हात वर करेल, आणि हात हवेतच राहील. ते दोन हात. एक इथे, एक तिथे. ते तिला सहन होईना.

फाटकाबाहेर कुंपणाशी म्हातारा माळी गवत कापत होता आणि तिथून जाताना तिला एकदम आई आली. म्हणजे आईचा वास आला. तेते! लांब पात्यांचं, लिंबासारख्या वासाचं ते गवत, आई सणावाराला, पाहुणा यायचा असला की, जमिनीवर पसरायची आणि वर चटया घालायची. दारात चपला काढायच्या, आत यायचं, आणि बसलं की खालून तो वास उठायचा, जणू घरच म्हणतंय, आलास, बरं झालं. नुसतं पडलेलं तेते गप्प असतं. दाबलं, चुरगळलं, की बोलतं. आई शेतावरून परत आली की दारात उभी राहून नाक वर करायची आणि विचारायची, कोण येऊन गेलं? आणि चटई उचलून, चुरगळलेली पाती बघून, सांगायचीसुद्धा, इथे जड माणूस बसला होता, इथे पोरं लोळली. बाबिऱ्ये उडाल्यावर आईने तेते पसरणंच सोडून दिलं. कुणी विचारलं तर म्हणायची, कंबर दुखते. किझ्झा फाटकाशी उभी होती, मागे बोडावाला भोंगा वाजवत होता, न्याबो, रस्ता तुझ्या बापाचा आहे का, आणि ती उभीच होती.

गुरुवारी सकाळी लवकर ती ओंजळी भरभरून तेते घेऊन लायब्ररीत आली. ताजं, हिरवं, न दुमडलेलं, लहान मूल धरावं तसं धरून. तिसऱ्या ओळीतल्या प्रत्येक पुस्तकात तिने एकेक पातं घातलं, टोक जरासं वर राहील असं, आणि मग, डॉ. वालुगेम्बेंचा चेहरा आठवून, हिमदंशाच्या सहा प्रतींमधे आणि त्यांच्या शेजारच्या सगळ्या गुळगुळीत मंडळींमधेही घातलं. नियम तो नियम, सगळ्यांना सारखा. पुस्तक उघडलं की पातं खाली पडेल, आणि मग ती जमिनीवर पडलेली पाती दाखवेल. कुणालाही काही सांगितलं नाही. दिवसभर ती बाहेर बाकावरच बसून राहिली, आत गेलीच नाही, कारण ती दिसली की मुली आणखी शहाण्यासारख्या वागतात. आतबाहेर जाणारे गुलाबी गणवेश ती बघत होती, बघता बघता ते गणवेश न राहता नुसता गुलाबी रंग झाला, तिची मान डुलली, आणि तिला वाटलं की कुणीतरी सँडल काढून गार सिमेंटवर उभं आहे आणि वरून पानं उलटल्याचा आवाज येतोय.

शुक्रवारी डॉ. वालुगेम्बे सांगितल्याप्रमाणे आले. फाटकाशी काटवेच्या माणसाची हातगाडी येऊन थांबलीच होती. त्यांच्याआधी दोन पावलं किझ्झा आत धावली, आणि ओळीच्या तोंडाशी थबकली. जमीन लख्ख होती. एक पातं खाली पडलेलं नव्हतं. वर बघितलं तर प्रत्येक पुस्तकात प्रत्येक पातं जागच्या जागी, टोकं वर, कालच्यासारखी ओळीने. म्हणजे कुणीच आलं नाही? तेवढ्यात मागून नाबुक्केरा आली, धापा टाकत, गुडघ्यांत वाकली, आधी डॉक्टरांना, मग तिला.

“किड्यांसाठी ठेवलंय ना, सेंगा? पडत होतं सारखं. पण आम्ही प्रत्येकीने उचलून परत नीट लावलं, काळजी करू नका.”

किझ्झाला हसावं की रडावं कळेना. पुन्हा! पुन्हा तोच मान, तीच नीटनेटकी, जीवघेणी माया. डॉ. वालुगेम्बे घड्याळाकडे बघत हिमदंशाच्या ओळीतून येत होते. तिथे थांबून त्यांनी एक प्रत उघडली, हिरवं पातं काढून बघितलं, परत ठेवलं. तिथे फरशी पुसायच्या औषधाचा वास होता आणि दुसरं काही नव्हतं. मग ते तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी आले. काय दाखवणार होतात, असं ते विचारणारच होते, तोंड उघडलंही होतं. पण तोंड उघडंच राहिलं आणि त्यांचं नाक हळूच वर झालं, आणि त्याच क्षणी किझ्झालाही तेतेचा वास आला. आधी धागा, मग पदर, मग अख्खं घर. किती बोटांनी ती पाती उचलली होती, दाबली होती, चिमटीत धरून परत सारली होती, आणि ती सगळी पाती आता बोलत होती, खालच्या कप्प्यापासून वरच्या कप्प्यापर्यंत, एकदम, सणाच्या दिवसासारखी. कोण येऊन गेलं? सगळ्या येऊन गेल्या. इथे घाईने, इथे बराच वेळ, इथे पुन्हा पुन्हा.

डॉ. वालुगेम्बेंनी एक हात कपाटावर टेकवला. डोळे कुठेतरी दुसरीकडे होते, कुठल्यातरी घराच्या दारात, आणि त्यांच्या पायांना बाकीच्या माणसाच्या आधी कळलं. उजव्या पायाच्या टाचेने डावा बूट सैल केला. तो निघाला. मग दुसरा. तेते पसरलेल्या घरात बूट घालून कोण जातं? मोजे घातलेले दोन पाय गार सिमेंटवर पडले, आणि तेव्हा कुठे त्यांनी खाली बघितलं, स्वतःचे पाय बघितले, आणि मग किझ्झाकडे. नाबुक्केरा जमिनीकडे बघत ओठ चावत होती. ते तसेच मोज्यांवर ओळीत शिरले, एक पुस्तक काढलं, ते आपोआप उघडलं, आणि त्यांनी अंगठा पानावरून फिरवला, पुढेमागे, पुढेमागे. पाती दुमडलेली होती, काहींची टोकं दोन-दोनदा. बराच वेळ ते तिथे उभे होते. एका तळव्याने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होते, हे त्यांना माहीत नव्हतं. किझ्झाला माहीत होतं. तिने वर बघितलं नाही. पहिल्यांदाच तिला वर बघावंसं वाटलं नाही.

फाटकाशी हातगाडीवाल्याने भोंगा वाजवला.

“त्याला रिकामं पाठवू नका,” डॉ. वालुगेम्बे आतूनच म्हणाले, पुस्तकातून डोकं वर न काढता. “ते बर्फाचं काय आहे ते द्या. सहाच्या सहा. कौन्सिलला आकड्याऐवजी मी हा वास दाखवेन.”

पुढच्या आठवड्यात टेकडीखालच्या थांब्यावर किझ्झाने शेंगदाण्याची पुडी घेतली. कागद ताठ होता, कोरा, कुरकुरीत, गरम दाण्यांनीही न वाकणारा. बाई कुरकुरत होती की हा माल बरा नाही, निसरडा आहे, तेल धरत नाही. पण गिऱ्हाइकांना चित्रं आवडत होती. थांब्यावर बोडावाले, टॅक्सीवाले, बाजारातून आलेल्या बायका, सगळ्यांच्या हातांत पांढऱ्या पुड्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर बर्फ पडत होता, निळसर, मुका, न वितळणारा. कालोली पक्षी झाडावरून उठले आणि किझ्झा खाली बघत, अंगठ्याने पुडी चाचपत, दाणे खात राहिली.